रहस्यकथेच्या रीतीने लिहिलेला अर्ज

एका बाईने मला तिचा कागद हरवला आहे, एवढेच लिहून द्यायला सांगितले होते. चार ओळींचे काम होते. मी त्याची दोन पाने केली, आणि ती अशा बेताने केली की वाचणाऱ्याला तो कागद हरवलेला वाटेना, चोरलेला वाटू लागला. अर्जात चोरी हा शब्द कोठेही नव्हता. कोणावर आरोपही नव्हता. तरीही तो अर्ज वाचून तिसऱ्या दिवशी एक हवालदार मासळी बाजारात गेला आणि ओट्यावर बसलेल्या एका निरपराध बाईला, गिऱ्हाइकांच्या देखत, चौकीवर चल म्हणाला. ती बाई त्या ओट्यावर पुन्हा बसली नाही. या गोष्टीला आता दीड वर्ष होईल. हे लिहा असे मला कोणी सांगितलेले नाही. लिहिणे हा माझा व्यवसाय आहे आणि या एका प्रकरणात तो मी चोख केला नाही, म्हणून लिहितो.

बोरीवलीत वॉर्ड ऑफिसच्या फाटकापाशी, डाव्या हाताला, माझे घडीचे टेबल असते. पूर्वी त्यावर टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आणि लहानसा प्रिंटर आहे. रेशनकार्डापासून वारसा-नोंदीपर्यंत सर्व प्रकारचे अर्ज मी सत्तावीस वर्षे लिहीत आलो आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत. वडिलांची गिरणी बंद पडली, धाकटी भावंडे गावी आजोळी गेली आणि मी टायपिंगच्या क्लासला गेलो. परंतु पदवीधर माणसे माझ्याकडे बसून मजकूर लिहून घेतात, आणि वॉर्ड ऑफिसमधले कारकून अर्ज हातात घेताच तो माझ्या टेबलावरचा आहे हे ओळखतात, हे येथे नमूद करणे मला योग्य वाटते. या अभिमानाचा पुढील हकिकतीशी संबंध आहे.

मला हे लिहिणे कोणी शिकवले, असे विचारल्यास मी रहस्यकथांनी असे उत्तर देतो. टायपिंग क्लासच्या खाली एक रद्दीचे दुकान होते. तेथला दुकानदार वाचनालयांनी टाकून दिलेली पुस्तके मला मोफत नेऊ देई, कारण ती विकली जाण्यासारखी नसत. पुस्तक फाटते ते दोन्ही टोकांनी. वेष्टन आधी जाते आणि त्याच्या पाठोपाठ शेवटची पाने. मी त्या काळात दीडदोनशे रहस्यकथा वाचल्या असतील. त्यांतल्या निम्म्यांना शेवट नव्हता. डिटेक्टिव्ह सर्वांना दिवाणखान्यात जमवतो, घसा साफ करतो आणि पुस्तक संपते. दुसऱ्या कोणी वाचन सोडले असते. मी मात्र पुन्हा पहिल्या पानाकडे वळत असे. खुनी कोण, हे सांगणारे पान गेले असले तरी ते सुचवणारी पाने माझ्या हातात होती. मी ती पेन्सिलीने खुणा करीत वाचली.

त्या खुणांवरून मला जे समजले, त्याला जाणकार लोक पूर्वसूचना म्हणतात. मी माझ्यापुरते तिला चाहूल म्हणत आलो. चांगला लेखक चाहूल कधीही एकटी सोडत नाही. तिसऱ्या पानावर नोकराच्या बुटाला ओला चिखल लागलेला असतो आणि लगेच पुढच्या वाक्यात चहा येतो. चहात साखर कमी आहे यावर दोघांचे बोलणे होते. वाचक साखरेमागे जातो, पण चिखल त्याच्या मनात राहतो, आणि आपण तो पाहिला आहे हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. चाळीस पाने गेल्यावर कोणीतरी विहिरीचे नाव काढतो आणि वाचकाच्या अंगावर काटा येतो. उत्कंठा ही पुढे काय होणार या प्रश्नातून निर्माण होते, असा समज आहे. माझ्या मते ती मागे काहीतरी घडून गेले आणि आपण ते हातचे सोडले, या चुटपुटीतून निर्माण होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, लेखकाने संशय स्वतः बोलून दाखवायचा नाही. तो वाचकाला आपला आपण सापडला पाहिजे. सांगितलेल्या संशयावर माणूस वाद घालतो, स्वतः शोधून काढलेल्या संशयावर घालत नाही.

ही विद्या अर्जांत वापरावी, असे मला का वाटले, तेही सांगतो. कार्यालयातला माणूस अर्जाच्या पहिल्या दोन ओळी वाचतो आणि शिक्का मारून खाली ठेवतो. एकदा एका सोसायटीच्या पाण्याच्या पंपाबद्दल मी असा अर्ज लिहिला की, पंप बिघडतो त्या प्रत्येक दिवशी कोण सुटीवर असते, हे तीन निरनिराळ्या परिच्छेदांत सहज आल्यासारखे आले. तो अर्ज घेऊन अभियंता स्वतः खाली माझ्या टेबलापाशी आला. म्हणाला, "काय लिहिता हो तुम्ही! शेवटपर्यंत सोडवेना." सोसायटीचे काम झाले. त्या माणसाचे, जो सुटीवर असे त्याचे, काय झाले हे मी कधी विचारले नाही. आज हे वाक्य लिहिताना ते माझ्या लक्षात येत आहे.

आता त्या दोन बायकांविषयी. त्या एकमेकींच्या जावा. खाडीकाठच्या कोळीवाड्यात शेजारशेजारच्या खोल्यांत राहत. थोरलीचा नवरा वारलेला, धाकटीचा नवरा होडीवर. मासळी बाजारात त्यांच्या सासूच्या नावाचा एक ओटा होता. सासू गेल्यावर दोघी त्याच ओट्यावर बसत. सकाळी थोरली, दुपारनंतर धाकटी. ओट्याचा परवाना मात्र अजून सासूच्याच नावावर होता. नाव बदलायची मुदत जवळ आली तेव्हा मंडई निरीक्षकाने मूळ परवाना मागितला, आणि ट्रंकेत पाहिले तर परवाना नाही. निरीक्षक म्हणाला, पोलीस चौकीतून कागद हरवल्याचा दाखला आणा, मग दुसरी प्रत देऊ. म्हणून थोरली सकाळचा बाजार उरकून, हातांना मासळीचा वास घेऊन, माझ्यासमोर स्टुलावर बसली.

"रायटरभाऊ, कागद हरवला म्हणून लिवा. बस, एवढंच."

मी विचारले, "घरात त्या वेळी कोण होते?"

"कंच्या वेळी? कदी हरवला तेच ठावं नाय तर कोण होतं काय सांगू?"

"ट्रंक शेवटची कोणी उघडली?"

"जावेनं. गेल्या आठवड्यात हळद होती ना वाड्यात, सासूचं लुगडं नेसायचं होतं तिला. मी धक्क्यावर मावरं आनायला गेलेली. ती बोलली, ताई, मीच काढून घेते. बोलले, घे."

येथे एखादा साधा, अल्पबुद्धी अर्ज लिहिणारा असता, तर त्याने एकच प्रश्न विचारला असता: बाई, हा कागद तुम्ही स्वतः शेवटचा कधी हातात घेतला होता? मी तो विचारला नाही. रहस्यकथा वस्तूपासून सुरू होत नाही, माणसांपासून होते. मी माणसे मोजत होतो. चावी कोठे असते, कोणाला ठाऊक आहे, परवान्याविषयी घरात कधी बोलणे झाले होते का, असे मी विचारत गेलो आणि ती भाबडेपणाने सांगत गेली. बोलता बोलता ती म्हणाली, "जाव बोलत होती, ताई, नव्या कागदावर माझं पन नाव लाव. मी हसले. बोलले, लाव की गं, मी मेल्यावर तुलाच बसायचंय तिथं."

मी लिहिलेला मजकूर मला तोंडपाठ आहे. त्यातला मधला भाग असा:

"अर्जदार ही मासळी आणण्याकरिता पहाटे धक्क्यावर गेली असता घरी केवळ तिची धाकटी जाऊ होती. सदर जाऊने हळदीच्या समारंभास नेसावयाचे लुगडे काढण्याकरिता ट्रंक उघडली होती. ट्रंक पत्र्याची असून तिची लांबी अंदाजे अडीच फूट आहे. ट्रंकेची चावी कोठे असते, हे घरातील दोनच व्यक्तींस ठाऊक आहे. त्याच सुमारास सदर जाऊने परवान्यावर आपलेही नाव लागावे अशी इच्छा व्यक्त केली होती. ही बाब येथे केवळ माहितीस्तव नमूद केली आहे."

यातले प्रत्येक वाक्य खरे आहे. ट्रंकेची लांबी हा माझा चहा होता. तिसरे वाक्य मी मुद्दाम कंटाळवाणे केले, म्हणजे दुसरे आणि चौथे वाक्य वाचणाऱ्याच्या मनात आपोआप एकमेकांना भेटतील. आणि थोरली हसून जे म्हणाली होती, 'लाव की गं', ते मी गाळले. विसरलो असे नाही. ते वाक्य मी टाइप केले होते. नंतर वाचून पाहिले तेव्हा माझ्या ध्यानात आले की त्या एका हसण्याने सगळा ताण विरघळतो. जिला मागितल्याबरोबर मिळते ती चोरी कशाला करील? मी ते वाक्य पुसले. पुसताना मला आनंद झाला, हेही मी लपवत नाही. मजकूर एकदम घट्ट झाला होता.

थोरलीला वाचता येत नाही. मी तिला अर्ज वाचून दाखवला, तो माझ्या नेहमीच्या वेगाने. ती मध्येच म्हणाली, "जावेचं कशाला त्यात?"

"साहेब विचारणारच, घरात कोण होते. आधीच लिहिलेले बरे."

"तुमाला बरं वाटत असंल तर असूं द्या," असे म्हणून तिने सही केली. सही करण्याइतकी अक्षरे तिला येत होती. माझ्या शहाणपणावर तिचा माझ्याइतकाच विश्वास होता.

पुढचे मी पाहिलेले नाही. थोरलीने आणि ओट्याशेजारच्या दोन बायकांनी सांगितले ते लिहितो. दुपारचा बाजार भरात होता. धाकटी एका गिऱ्हाइकाला सुरमई कापून देत होती. हवालदार समोर उभा राहिला.

"तू तिची जाऊ ना? सकाळी इथं बसते तिची?"

धाकटीने कोयता खाली ठेवला. "हो. काय झालं ताईला?"

"तिला काय होतंय? तिनंच अर्ज दिलाय. चल, चौकीवर चल."

धाकटीचे ते पहिले वाक्य मी अनेकदा मनात उच्चारून पाहिले आहे. पोलीस दिसल्यावर त्या बाईच्या मनात स्वतःविषयी काही आलेच नाही. तिला वाटले, आपल्या जावेला काही अपघात झाला. ज्या बाईविषयी मी दोन पाने संशय विणला होता, तिची खरी चाहूल एवढीच होती, आणि ती माझ्या अर्जात कोठेही नव्हती.

अर्धी कापलेली सुरमई शेजारणीने गोणपाटाखाली झाकली. चौकीत तिला दोन तास बाकावर बसवले. तिला विचारले की चावी कोठे असते, नाव कशाला लावून हवे होते, आदल्या दिवशी कोणाला भेटलीस. तिने विचारले, हे सगळे तुम्हाला कोण बोलले? तेव्हा त्यांनी तिला अर्ज वाचून दाखवला. घरात, दोघींमध्ये, हसत बोललेले स्वतःचे वाक्य तिने सरकारी भाषेत ऐकले. घरी आल्यावर तिने ओट्यावरचा आपला कोयता, पाटी आणि पाट, तिन्ही उचलून आणले. जावेला तिने एकच गोष्ट विचारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली माझ्या टेबलापाशी आली ती बसली नाही.

"काय लिवलंत तुमी?"

मी, खेद वाटतो, वकिली केली. "त्यात एक तरी वाक्य खोटे आहे का, दाखवा."

"खोटं कुठं हाय? खोटं असतं तर मी तिला सांगितलं असतं, रायटर खोटारडा हाय, त्याच्या मुडद्याला आग लाव. सगळं खरंच लिवलंय. आता काय सांगू तिला?" रांगेत उभी असलेली माणसे वळून पाहू लागली होती. "आनि मी हसले ते कुठाय? 'लाव की गं' बोलले ते? ती मला तेच विचारते. बोलते, ताई, तू हसलीस ते पन खोटंच होतं का?"

मी म्हणालो, सगळे बोलणे अर्जात घालता येत नाही. ती निघून गेली.

चार दिवसांनी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाचा मालक एक जुनी फाइल घेऊन माझ्याकडे आला. लोक प्रती घेऊन जातात आणि मूळ कागद मशीनच्या काचेवर विसरतात. असे कागद तो त्या फाइलमध्ये जमा करतो आणि मधूनमधून मला दाखवतो, कारण बरेचसे लोक माझ्याच टेबलावरून त्याच्याकडे गेलेले असतात. "बघा यातलं कोण ओळखीचं," तो म्हणाला. तिसरा कागद ओट्याचा परवाना होता. दोन महिन्यांपूर्वी रेशनकार्डाच्या एका अर्जासाठी मीच थोरलीला म्हणालो होतो, पत्त्याचा पुरावा म्हणून परवान्याच्या तीन प्रती काढून आणा. तिने तीन प्रती आणल्या होत्या. मूळ कागद काचेवर राहिला होता, माझ्या टेबलापासून वीस पावलांवर.

आणखी एक गोष्ट कबूल करावयाची आहे. तो परवाना मी लगेच परत केला नाही. पाऊण तास तो माझ्या कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्याखाली होता आणि मी दुसऱ्या एका गृहस्थाचा जन्मनोंदीचा अर्ज टाइप करीत होतो. माझ्या डोक्यात जे चालले होते ते असे: हा कागद ट्रंकेच्या तळाशी सापडला, असे झाले तर? कोणाचाच दोष राहणार नाही. माझाही नाही. मग जन्मनोंदीच्या अर्जात माझ्याकडून वडिलांचे नाव दोनदा पडले, त्या गृहस्थाने ते दाखवले, आणि मी टेबल झाकून बाजारात गेलो, परवाना कोठे सापडला ते सांगून तो थोरलीच्या हातात दिला.

घरी पत्नीला सर्व सांगितले. माझे वाचन तिला लग्नापासून माहीत आहे. ती मालवणकडची, चिडली की गावचे बोलते. "शेवटची पानां कधी वाचूक नाय, आणि लोकांची गोष्ट लिवूक बसलास!"

ती भाकऱ्या थापत होती. तिने जे म्हटले ते माझ्या चाळीस वर्षांच्या वाचनाविषयीचे सर्वांत अचूक मत आहे. फाटक्या पुस्तकांमुळे मी चाहूल ओळखायला शिकलो, असे मी सर्वांना सांगत आलो. माझी ओळख किती वेळा चुकली, हे सांगणारे पानच माझ्याजवळ नव्हते. बुटाला चिखल लागलेला तो नोकर कदाचित नुसता बागेत गेला असेल. मी त्याला खुनी ठरवून पुढचे पुस्तक उघडले होते. पुरी पुस्तके वाचणाऱ्याला एवढे तरी ठाऊक असते की, पहिल्या शंभर पानांत ज्याच्यावर संशय येतो तो बहुधा निर्दोष निघतो, आणि शेवटी लेखक भर दिवाणखान्यात, सर्वांसमोर, त्याच्या नावावरचा डाग पुसतो. संशय निर्माण करण्याचा हक्क लेखकाला आहे तो त्या एका हमीवर. अर्जाला तसा दिवाणखाना नसतो. वाचणारा शिक्का मारतो आणि संशय ज्याच्या त्याच्या घरी जातो.

मी चौकीवर गेलो. हवालदाराला म्हणालो, कागद सापडला, तो अर्ज आम्हाला मागे घ्यायचा आहे.

"सापडला ना? मग संपलं. लिहून द्या सापडला म्हणून."

"तसे नव्हे. जावेवरचा आरोप मागे घ्यायचा आहे."

त्याने कपाटातून अर्ज काढला आणि माझ्यापुढे टाकला. "कुठं आहे आरोप? बोट ठेवा बरं. काका, तुम्हीच लिहिलंय ना हे? मला वाचूनच कळलं की चोरी आहे, पण तुम्ही तसं कुठं म्हटलंच नाही. नाही म्हटलेलं मागं कसं घेणार?"

मी माझाच मजकूर सावकाश, शब्दांवर बोट ठेवून वाचला. त्याचे म्हणणे बिनतोड होते. उघड आरोप केला असता तर तो आज खोटा ठरला असता, त्यावर काट मारता आली असती, त्या बाईच्या हातात तसा कागद देता आला असता. मी काही म्हटलेच नव्हते. माझ्या उभ्या आयुष्यातला तो सर्वांत निर्दोष अर्ज होता.

त्यानंतर मी खुलाशाचे पत्र लिहायला बसलो. 'सदर कागद गहाळ होण्याशी अर्जदाराच्या जावेचा कोणताही संबंध नाही.' हे वाक्य वाचणारा पहिल्यांदा हेच विचारील की मग तिचे नाव निघालेच का. 'ती प्रामाणिक आहे' असे लिहिले, तर तो आणखी जवळ सरकून वाचील. मी सहा मसुदे केले. प्रत्येकात ती पहिल्यापेक्षा अधिक संशयास्पद दिसू लागली.

शेवटी मी, काही न लिहिता, कोळीवाड्यात धाकटीच्या दारी गेलो. सकाळची दहाची वेळ. ती ओसरीवर करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, सोलत होती. मी कोण ते सांगितले. तिने मान वर केली नाही.

"बसा. पाट हाय तिथं."

मी सर्व सांगितले, झेरॉक्सच्या काचेपासून पुसलेल्या वाक्यापर्यंत. तिने हातातली करंदी संपवली आणि दुसरी घेतली.

"तुमी मला कदी बघितलेलं?"

"नाही."

"ओट्यावर? येता-जाता?"

"नाही. मी सकाळीच मासळी घेतो."

"मग ताईकडनंच घेत असाल." ती थोडी हसली, पण ते हसू माझ्यासाठी नव्हते. "बघा, न बघता लिवलंत तरी सगल्यांना दिसले मी. पाववाला पन आता विचारतो, वैनी, मिटलं का परकरन? काय मिटलं ते त्याला ठावं नाय."

"मी बाजारात येऊन सांगतो. सर्वांसमोर."

"सांगा. तुमच्या जिवाला बरं वाटंल."

मी गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी, त्या रिकाम्या ओट्यासमोर उभे राहून, मोठ्याने सांगितले की परवाना झेरॉक्सच्या दुकानात सापडला आहे आणि चूक माझी आहे. दोन बायकांनी ऐकले. एका गिऱ्हाइकाने, मला बाजाराचा माणूस समजून, बांगडा कसा दिला म्हणून विचारले. पलीकडच्या ओट्यावरची म्हातारी मात्र सगळे ऐकून घेऊन म्हणाली, "म्हंजे तिनंच झेरॉक्सला नेलेला का?" मी नाही म्हणालो, पुन्हा सांगितले. तिने समजल्यासारखी मान हलवली आणि शेजारणीकडे पाहून डोळे बारीक केले.

धाकटी आता रिक्षास्टँडपाशी, रस्त्याच्या कडेला, पाटी घेऊन बसते. तेथे सावली नाही. थोरलीने तिला तीनदा बोलावले. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "ताई, तुज्यावर राग नाय. पन तिथं बसले की सगले माजे हात बघतात."

परवाना सापडल्यामुळे दुसऱ्या प्रतीची गरज उरली नाही. नाव बदलायचा अर्ज मात्र करायचा होता आणि त्याची मुदत संपत आली होती. थोरली तो छापील फॉर्म घेऊन पुन्हा माझ्याकडे आली. मला आश्चर्य वाटले, आणि ते तिने ओळखले.

"दुसऱ्याकडं गेले असते तर त्याला पयल्यापासून सांगाया लागलं असतं," ती म्हणाली. "लिवा. जेवडं हाय तेवडंच लिवा."

मी जेवढे आहे तेवढेच लिहिले. सासूचे नाव, थोरलीचे नाव, ओट्याचा क्रमांक. त्या फॉर्मवर खाली आणखी एक रकाना असतो, परवान्यावर दुसरे नाव लावायचे असल्यास. तेथे नाव लिहून उपयोग नसतो, सही लागते. थोरली आदल्या संध्याकाळी फॉर्म आणि पेन घेऊन रिक्षास्टँडवर जाऊन आली होती. धाकटीने पेन हातात घेतले नव्हते.

"थांबू या का?" मी विचारले. "खिडकी पाच वाजेपर्यंत उघडी आहे."

ती स्टुलावर बसली. त्या दुपारी मी दुसरा कोणताही अर्ज घेतला नाही. फाटकाच्या दिशेने कोणी पाटी घेऊन येताना दिसले की आम्ही दोघेही पाहत असू. पावणेपाचला थोरली उठली आणि पदर खोचला.

"रिकामं ठेवून चालतं का?"

"नाही," मी म्हणालो. "रिकाम्या रकान्यात रेघ मारावी लागते. नाहीतर मागाहून कोणी काही भरील."

"मग मारा."

मी पट्टी घेतली. रेघ सरळ आली.